तीन मिलिमीटर

डिचोलीच्या आमच्या शाळेत कार्यशाळा म्हणजे
सायकल स्टँडला चिकटलेली एक लांबट खोली, वर मंगलोरी कौलं.
एका अंगाला गॅसच्या दोन शेगड्या,
दुसऱ्या अंगाला शिकंजा, करवत, पटाशी,
मध्ये खडूची रेघ.
रेघेच्या अलीकडे भुसा, पलीकडे पीठ.
माझी अर्धी नोकरी त्या रेघेची राखण करण्यात गेली.

वेळापत्रकात विषयाचं नाव तीनदा बदललं.
मी मात्र तेच सांगत आले:
आधी मोजा, मग कापा.
सुरी धरताना बोटांची टोकं आत घ्या,
मांजर नखं आत घेतं तशी.
आणि चाखल्याशिवाय मीठ दुसऱ्यांदा घालू नका.

नववीला यंदा काम दिलं:
घरातल्या कुणा एकासाठी एक वस्तू करा.
आधी त्याला विचारा. त्याचे हात बघा.
मग पेन्सिल उचला.

सेलेस्टाचे वडील पोदेर.
तिनं त्यांच्या टोपलीतलं निळं प्लास्टिक काढून
गोणपाटाचं अस्तर शिवलं,
कारण पाव घामेजतो म्हणाली.
घामेजतो. हा शब्द मी फळ्यावर लिहून ठेवला.

वितेश गावस काहीच दाखवेना.
तिसऱ्या आठवड्यात पिशवीतून पत्र्याचा डबा काढला:
आत जाळी, वर वाफेची नळी, झाकणाला बिजागरी.
पातोळ्या उकडायचं यंत्र.
"आईला वाकता येत नाही, बाई. हे ओट्यावर राहतं."
बिजागरी अशी होती
की मी झाकण उगाच दोनदा उघडलं, मिटलं.
मग नाक आत घातलं.

डिझेल.
खाण बंद झाल्यापासून दारात उभ्या असलेल्या ट्रकचं.

"घांसला, बाई," तो एकदम घरच्या बोलीत गेला,
"राखेन. चार फावट."
मी डबा उचलून रेघेच्या अलीकडे ठेवला, भुशात.
यात अन्न शिजवायचं नाही, वितेश.
मग वर आणखी विचारलं, ओट्याची उंची मोजलीस?
हो.
आणि आईची?
घंटा व्हायच्या आधीच तो निघून गेला.

मी बरोबरच होते.
संध्याकाळी घरी दुधी चिरताना
माझी बोटं बाहेर राहिली.

सोमवारी आला तेव्हा
तळहातावर शाईनं लिहिलेलं: कोपर ९८.
दप्तरात सहा करवंट्या, काचेनं तासलेल्या.
बिजागरी तेवढी परत मागून नेली,
फणसाच्या फळीच्या झाकणाला.

पाच मिलिमीटरची भोकं पाडली,
उकळतं पाणी वर उडालं, हळदीचं पान भिजून गळालं.
दोनची पाडली, पीठ मधोमध कच्चं.
वर्ग हसला. तोही थोडा हसला असावा,
पाठमोरा होता, कळलं नाही.
तीनला वाफ सरळ वर आली
आणि खोलीभर हळदीच्या पानाचा तो वास,
इतका, की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर
खडू हातात घेऊनच दारात आले.

मी पातोळी चाखली.
मीठ विसरला होता.
सांगितलं.
त्यानं वहीत पाच आणि दोनच्या खाली लिहिलं: मीठ.

गुणपत्रकात 'पूर्ण झालेली वस्तू', गुण वीस.
डब्यासाठी रकाना नाही.
पाठीमागे मी पेन्सिलनं काही लिहिलं आहे,
तपासनीस पान उलटत नाहीत.

डबा अजून भुशाच्या बाजूला आहे, ब्रश उभे करायला.
दमट दिवसांत त्याला जुना वास सुटतो.
आठवीतलं कुणीतरी विचारतं, हा मोडका डबा कुणाचा?
मी म्हणते, आधी इथं बघा,
बिजागरी होती त्या जागची ही चार भोकं.
पट्टी लावून बघा.